साइराकान आपांची विचार करणारी सून

साइराकान आपांनी सात पोरं वाढवली. घाईत हाक मारताना नावांचा गोंधळ व्हायचा; मग जो समोर येईल त्यालाच त्या कामाला लावायच्या. धाकटा एर्निस त्यांच्याजवळच राहिला. त्याची बायको बुरुलचा दर उन्हाळ्यात हिमनदी मोजायला डोंगरावर जाते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी चहा ओतता ओतता बुरुलचाने सांगून टाकलं, की दोघांनी मूल होऊ न द्यायचं ठरवलंय. बर्फ मागे सरकतंय. मूल मोठं होईल तेव्हा कालव्याला पाणी असेल याची खात्री नाही.

"मग माझी सात पोरं म्हणजे सात गुन्हे का गं?"

"तसं नाही, आपा. तुमच्या वेळी पाणी होतं."

एर्निसला नेमकं तेव्हाच गोठ्यातलं काम आठवलं.

आठवडाभर अबोला धरून आपांनी फर्मान काढलं, मलाही वर ने. घोडा नीट चालत नाही, खोगीर टोचतं, असं सुनेला ऐकवत त्या वर पोचल्या. नव्या नवरीच्या दिवसांत त्या जिथे मेंढ्या चारायच्या, तिथवर बर्फ असायचं. आता नुसते दगडगोटे. बर्फ पार लांब गेलेलं. आपा एका दगडावर बसल्या. बुरुलचाने पुढे केलेली रोटी त्यांनी हातातही घेतली नाही.

"गेलं ते खरं," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तुमची पोरं प्यायली का ते पाणी? अजून जन्मलीसुद्धा नाहीत बिचारी."

बुरुलचा हसली आणि हसता हसता रडायला लागली. मूल तिलाही हवं होतं, नावंसुद्धा काढून ठेवली होती. हे तिने आपांना तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. उतरताना त्यांनी नावं विचारून घेतली. त्यातलं एक त्यांना मुळीच आवडलं नाही, आणि तसं त्यांनी सांगितलंही.

पुढे एका लग्नात शेजारच्या बाईने सर्वांदेखत सुनेला मूल होण्याचं औषध सुचवलं. आपा शांतपणे म्हणाल्या, "माझी सून विचार करते. तू आठ पोरं काढलीस, तेव्हा तुला कुणी कारण विचारलं होतं?"

बुरुलचाला आजही मूल नाही. आपांना त्याचं वाईट वाटतं, आणि त्या ते लपवत नाहीत. शरद ऋतूत सून खाली आली, की आधी तिला पोटभर जेवू घालतात, मग विचारतात, यंदा किती गेलं.