हळर्णच्या किल्ल्यातली हाक

बाळांनो,

माल्ट्याहून पाठवलेले फोटो मी सावकाश, एकेक करून पाहिले. पिवळ्या दगडाचे तट, समुद्रावर झुकलेले बुरूज, रस्त्यावर डोकावणारे लाकडी सज्जे, आणि चर्चच्या घुमटाखाली मान वर करून उभी राहिलेली धाकटी. तो घुमट पाहून मला माझ्या माहेरच्या नार्व्याचे देऊळ आठवले. आमच्या देवळावरही असाच गोल घुमट आहे. लहानपणी मला वाटे, देवळे सगळीकडे अशीच असतात.

थोरल्याने एका फोटोखाली लिहिले आहे, ‘किल्ल्यात आई दिसेना. दोनदा हाक मारली. भिंतीच्या पलीकडेच होती, तरी बोलली नाही. तिला कमी ऐकू येतं का?’

तिचे कान उत्तम आहेत. ती का बोलली नाही, ते क्रमाने सांगते.

गोवा घटकराज्य झाला त्या सुमाराची गोष्ट. आम्ही डिचोलीला राहत होतो. तुमची आई दुसरीत होती. थंडीच्या दिवसांत आम्ही हळर्णला तुमच्या आजोबांच्या आत्याकडे पूजेला गेलो होतो. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमची पणजी, बरोबर होत्या. जेवणे झाली आणि सोप्यावर पुरुषांचा वाद सुरू झाला, राजभाषा कोकणी हवी की मराठी. त्या दिवसांत प्रत्येक घरात तो वाद असे. दोन सख्खे भाऊ खुर्च्यांवरून उठून एकमेकांना बोटे दाखवू लागले, तेव्हा तुमचे आजोबा मला हळूच म्हणाले, “चला, किल्ला बघून येऊ.”

सासूबाई दारात सुपारी कातरत होत्या. “खय चल्लात? दगड बघूक?” त्यांनी सोप्याकडे मान वळवली. “हय काय कमी आसत?” मग नातीला जवळ ओढून म्हणाल्या, “सांगलेला ध्यानात आसा मगो, बाये?” तिने मान हलवली. काय सांगितले होते, ते मी विचारले नाही.

हळर्णचा किल्ला आता नीट केला आहे म्हणतात. तेव्हा तो रानात बुडालेला होता. आधी सावंतवाडीकरांचा, मग पोर्तुगिजांचा. लाल चिऱ्यांच्या तटात वडाची मुळे शिरली होती, खंदकात करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. मी इंग्रजी शाळेत शिकवत होते, आणि जिथे जाईन तिथे माझा वर्ग सुरू होई. ही तटातली खाच कशासाठी, बंदूक कुठे टेकवत, भिंत खाली रुंद आणि वर अरुंद का. तुमच्या आईने खाचेला डोळा लावला आणि म्हणाली, “आई, नदी दिसते.” खाली शापोरा नदी संथ पडली होती. मी तिला सांगितले की कमानीवर छत तोलायची ही रीत भूमध्य समुद्राच्या काठची, दूर देशाहून आलेली. हे सांगताना मला फार बरे वाटत होते, हे आठवते.

पुढे झुडपांत एक विहीर होती. तिला कठडा नव्हता. आजोबांनी आत खडा टाकला. आवाज यायला इतका वेळ लागला की मी मुलीचा हात धरून मागे सरले.

मग त्यांनी मला एक पडकी कमान दाखवायला बोलावले. मी हात सोडला. कमान पाहिली, तिच्या माथ्यावरचा दगड पाहिला. वळले तर ती नव्हती.

पहिल्यांदा मी साधी हाक मारली, घरात जेवायला बोलवावे तशी. मग मोठ्याने. तटावर आपटून तिचे नाव परत आले. आवाज माझाच होता, पण ऐकायला माझा वाटत नव्हता. आजोबा एका बाजूने हाका मारत गेले, मी दुसऱ्या. कुठूनच उत्तर आले नाही. आम्ही दोघेही विहिरीपाशीच आलो. मी पालथी पडून आत पाहिले. अंधारात पाणी दिसत नव्हते, म्हणून पाण्यात काही आहे की नाही तेही कळत नव्हते. काठावरचे गवत मोडलेले होते. ते मघाशी आमच्याच पायांनी मोडले की काय, हे मला काही केल्या आठवेना.

“मी दोर आणि माणसे घेऊन येतो,” आजोबा म्हणाले आणि धावत उतरले.

मी एकटी राहिले. ऊन गेले. मी तिचे नाव घेत राहिले, कारण थांबले की ती शांतता कानात शिरे. घसा फाटला. झाडीत पाखरू हलले तरी मी तिकडे पळे, आणि विहीर सोडून आले म्हणून पुन्हा मागे धावे.

आजोबा दोन माणसांना घेऊन आले. त्यांच्यामागून धापा टाकत सासूबाई. त्या आधी माझ्यावरच उसळल्या.

“नावान कित्याक साद घालतस गो? सगळ्या रानाक तिचा नाव सांगलंस. चूप रव.”

त्यांनी तोंडाला दोन्ही हात लावले आणि लांब कू घातली. आपल्याकडे रानात गुरे वळणारी माणसे एकमेकांना घालतात तशी. सगळे थांबलो. पुन्हा एक कू. मग आमच्या पायांखालून, जमिनीतून यावी तशी, बारीक कू आली.

आम्ही हातांनीच जाळ्या बाजूला करू लागलो.

करवंदीच्या जाळीमागे एक बुटके तोंड होते. आत अर्धी बुजलेली, कमानीच्या छताची कोठडी. बॅटरीच्या उजेडात ती दिसली. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी, कानांवर हात. मी तिचे नाव घेऊन म्हटले, “ये, बाहेर ये.”

ती आणखी आत सरकली.

“आजी,” ती पणजीला म्हणाली, “ती नको. ती नावान हाक मारता.”

सासूबाईंनी तिला शिकवले होते ते असे. रानात आपले माणूस नाव घेत नाही, कू घालते. जो आईच्या आवाजात नाव घेतो तो देवचार, म्हणजे रानातले भूत. त्याला उत्तर द्यायचे नाही, हलायचे नाही. आणि त्या छताखाली माझा आवाज चारी बाजूंनी घुमत होता. पाहायला म्हणून आत शिरलेली ती सगळा वेळ ऐकत होती. माझ्या प्रत्येक हाकेसरशी ती जास्त घाबरत होती.

“तूच घाल कू,” सासूबाई मला म्हणाल्या.

पहिल्यांदा घशातून नुसती हवा आली. दुसऱ्यांदा कशीबशी कू उमटली. ती रांगत तोंडापाशी आली. पण माझ्या चेहऱ्याकडे न बघता तिने बॅटरीच्या उजेडात आधी माझे पाय पाहिले, सरळ आहेत की उलटे. मग हात पुढे केला.

उतरताना आजोबा चिडून म्हणाले, “आई, तुझ्या असल्या गोष्टींनी पोर मेली असती भीतीने.”

“माझ्या गोष्टीन ती एका जाग्यार बसली. काळोखात तुमच्या हाकेक धावली असती तर? बाव खय आसा ता बघितलस मा?”

आजोबांनी मान वळवून विहिरीच्या दिशेने पाहिले. मला त्यांचा राग आला होता, आणि माझी मुलगी माझ्या कडेवर होती. दोन्ही खरे होते. घरी पोचलो तर सोप्यावर वाद अजून चालूच होता.

तुमच्या आईला यातले काही आठवत नाही. मी विचारले तर हसते. पण स्वयंपाकघरात पाठमोरी असताना मी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेला ती कधी वळत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरीला म्हणते, “काय गं?”

तुम्ही किल्ल्यात, नाव न घेता का होईना, दोनदाच हाक मारलीत. पुढच्या वेळी कू घाला. मला मात्र ते अजून जमत नाही, तोंडात तिचे नावच येते. पहिली हाक मारते, मग दुसरी, आणि तिसरीपर्यंत ओट्याची कड घट्ट धरून उभी राहते.