परवान्यावरचा अधिभार

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा वडील रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि मी एका सरकारी कार्यालयात नुकताच चिकटलो होतो. रविवारी सकाळी आम्ही दोघं ब्राह्मणपाऱ्यातल्या घरून सायकलींवर निघायचो आणि शहराच्या कडेच्या एका तलावावर गळ टाकून बसायचो. कणकेत गूळ मळून वडील गोळ्या करायचे. घरात मासा चालत नसे, म्हणून रोहू लागलाच तर तो हातात धरून पाहायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

"सोडूनच द्याचे आहेत, तर पकडता काहून?" आई दर रविवारी विचारायची. वडील कणकेत गूळ कुस्करत राहायचे.

मला उत्तर ठाऊक होतं. घाटावर दोन तास न बोलता शेजारी बसता येत होतं. घरात आम्ही तसे गप्प बसलो की आईला वाटे, भांडण झालं.

पुढे तलाव गाळाने भरला, जलपर्णी पसरली. रविवारमागून रविवार गळ हलेना. वडिलांची सगळी नोकरी लोकांचे अर्ज वाचण्यात गेली होती. आता त्यांनी स्वतः मत्स्यविभागाला एक लिहिला. हौशी मासेमारीच्या परवान्यावर थोडा अधिभार लावावा, आणि तो पैसा याच तलावातला गाळ काढायला व मत्स्यबीज सोडायला वापरावा.

घाटावर आमच्या शेजारी एक न्हावी गळ घेऊन बसायचा. तो म्हणाला, "बाबूजी, अपने ऊपर टैक्स कोई खुद लगवाता है?"

"आपण दिलं तर आपल्याले विचारता येते," वडील म्हणाले.

"हव, पूछ लेना." त्याने गळावरची नजर काढली नाही.

नव्या राज्याकडे तेव्हा इमारतींपेक्षा उत्साह जास्त होता. अर्ज मंजूर झाला. गाळ खरोखर निघाला. मत्स्यबीज सोडायच्या दिवशी मंडप होता, बँड होता. माशांना हार घालता येत नाहीत, म्हणून पाहुण्यांनी ते एकमेकांना घातले. बोटाएवढी पिल्लं भाषणं संपेपर्यंत पिशव्यांत थांबली, आणि त्यातली बरीच तरीही जगली. अधिभारासह पहिला परवाना वडिलांनी काढला.

दुसऱ्या हिवाळ्यात पाण्यावर पुन्हा वलयं उठू लागली. त्याच हिवाळ्यात तलावाभोवती छातीइतका उंच गजांचा कठडा आला, कारंजं आलं आणि फलक लागला: मासे पकडण्यास सक्त मनाई.

वडील मत्स्यविभागात विचारायला गेले. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मासे आता पाहण्याजोगे झालेत, लोक कुटुंबासह येतात, असं समजावलं. मूळ अर्जदार म्हणून फाइलीत त्यांचा उल्लेख आदराने केलेला आहे, हेही दाखवलं. वडिलांनी तो उल्लेख वाचला आणि त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करून दिली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही गळ न घेता गेलो. कठड्यामागे नवा बाक होता, त्यावर बसलो. मासे पुष्कळ होते, माणसं त्यांना मुरमुरे टाकत होती. वडिलांनी हात आधी मांडीवर ठेवले, मग त्यांची घडी घालून पाहिली, मग बाकाच्या कडेवर टेकवले. पाचेक मिनिटं गेली असतील.

"तुझ्या ऑफिसचं कसं काय चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी दोघांनाही काहीतरी काम निघालं.