नऊ तोंडांचा ज्वालामुखी

आमच्या बाबांचं मोहाचं झाड मी परग्रहावर घालवलं.

झाड अड्याळजवळच्या आमच्या वावरात आजही उभं आहे. फक्त ते आता आमचं नाही, सदाकाकांचं आहे. आणि याला काकांचा लोभ जितका कारण, त्याच्या दुप्पट माझी हुशारी कारण!

भावाभावांत वाटणी झाली तेव्हा बाबांनी बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, काठची पाण्याची भाताची बांधी धाकट्या भावाला, सदाकाकांना, सोडून दिली आणि बदल्यात हे एक झाड मागून घेतलं. त्याच्याच सावलीत त्यांचं लहानपण गेलं होतं. पण झाड उभं दोन वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि बोलणं सगळं तोंडी. पुढे काकांना त्या बोलण्याचा विसर पडला. (कागदावरचं कोणी विसरत नाही, तोंडीच विसरतात!) दर चैत्रात मोहफुलं वेचताना दोन्ही घरच्या टोपल्या एकमेकींवर आदळू लागल्या. शेवटी गावातल्या जाणत्या माणसांनी बसून निकाल लावायचा, असं ठरलं.

नेमक्या त्याच वर्षी माझ्यातला लेखक जागा झाला. मी शाळेत भूगोल शिकवतो. भंडाऱ्याच्या एका दिवाळी अंकासाठी मी ‘थिराण’ नावाच्या ग्रहावरची विज्ञानकथा लिहिली. दोन चंद्र, हिरवं आभाळ, उलटे वाहणारे वारे, काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. चार दिवसांनी संपादकांचा फोन.

“मास्तर, वाचकाले काईच समजून नाई राहिलं. कोनता समुद्र कुठी हाये? नकाशा द्या बरं!”

दोन दिवस मी कोरा कागद पुढे घेऊन बसलो. जो खंड काढावा तो आफ्रिका व्हायचा! शेवटी बायको वैतागली. “येवढं डोकं कायले खाजवून राहिले? जे माहीत हाये थेच काढा ना!”

मग हात असा सुटला म्हणता! बोडीचा झाला क्षार महासागर. बांध्यांची झाली पठारं. धुऱ्याची झाली महापर्वतरांग, आणि मोहाचा झाला नऊ तोंडांचा ज्वालामुखी. उत्तरेला आमचा खंड, दक्षिणेला काकांचा. फक्त उत्तरेकडे मला दिशादर्शक बाण काढायचा होता (बाण नसला की मी मुलांचे गुण कापतो), म्हणून ज्वालामुखी बोटभर खाली सरकवला. पर्वताच्या पलीकडे. कागदावर बोटभर, हो!

अंक छापून आला. इथंच थांबलो असतो तर थिराणचा भूगोल माझ्यापाशीच राहिला असता. पण भाऊबीजेला सगळं घर जमलं (भांडण असलं तरी सणाला काका यायचे), आणि चिवड्याची बशी हातात धरून मी व्याख्यान ठोकलं. “हा समुद्र म्हंजे आपली बोडी! हा पर्वत म्हंजे धुरा! आन हा ज्वालामुखी, वळखा पाहू?”

सगळे हसले. काका हसले नाहीत. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “बाळू, हा मोह धुऱ्याच्या कोनत्या आंगाले हाये गा?”

“दक्षिणेले, काका!” मी छाती फुगवून सांगितलं.

“अंक देजो बरं मले वाचाले.”

मी दिला. वर सही करून दिला!

पंधरा दिवसांनी पारावर बैठक बसली. काकांनी पिशवीतून अंक काढला. “माह्यावर इस्वास नोका ठेवू. दादाच्या पोरानंच छापून आनलं हाये. भूगोलाचा मास्तर हाये थो!”

बाबा ताडकन उठले. “अरे, थो दुसरा ग्रह हाये ना बाप्पा!”

“ग्रह दुसरा असन,” सगळ्यांत म्हातारे पाटील म्हणाले, “मोह तं आपलाच हाये ना?”

मी धावत पुढे झालो. “पाटीलबुवा, थे सारं काल्पनिक हाये जी!”

“बोडी काल्पनिक हाये काय?”

“नाई जी.”

“धुरा?”

“नाई जी.”

“मंग मोहच येकटा काल्पनिक कसा काय?”

अंक हातोहात फिरत होता. पाटलांनी तो परत घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, “मास्तर, येकच सांगा. तुमचा नकाशा चुकला हाये काय?”

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर! बाबा माझ्याकडे आशेनं बघत होते. पण गर्दीत आमच्या शाळेचे मुख्याध्यापकही उभे होते, आणि तेही बघत होते.

“माहा नकाशा कधी चुकत नाई,” मी म्हणालो.

झाड काकांकडे गेलं. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि ते घराकडे निघाले. चारचौघांत माझ्या कानाखाली वाजवली असती तर फार बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापक म्हणतात, “काल पारावर कशाची गर्दी होती हो मास्तर? मी मागं होतो, मले काईच आयकू नाई आलं.”

यंदा चैत्रात मोह गळायला लागला. काकांची सून सकाळीच टोपली घेऊन येते. बाबा धुऱ्याच्या अलीकडे बसतात. वाऱ्यानं चार फुलं आमच्या बांधीत येऊन पडतात. बाबा ती उचलतात, नाकाशी धरतात आणि नीट तिच्या टोपलीत नेऊन टाकतात. मला ते बघवत नाही. परवा मनाचा हिय्या करून मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

“बाबा,” मी म्हणालो, “माहा नकाशा चुकला होता.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“हेच तवा पारावर बोलला असता, तं काय जीभ झडली असती बे तुही?”