चौथा खण

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी दोन वर्षं जपानमधल्या एका कॉलेजात हिंदी शिकवत होतो. तिथे फेब्रुवारीच्या मध्यावर एक सण येतो. त्याला देव नाही, उपास नाही, नैवेद्य नाही, सुट्टीसुद्धा नाही. धुळ्याच्या माणसाला सण म्हटलं की पोळ्याचे बैल आठवतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी आठवतात. तिथे मात्र बायकांनी पुरुषांना चॉकलेट द्यायचं आणि महिन्याने पुरुषांनी उलट काही द्यायचं, असं मिठाईवाल्यांनी ठरवून टाकलं होतं. ऑफिसातल्या सेक्रेटरीबाईंनी माझ्या हातावर पुडा ठेवता ठेवता ही माहिती दिली. हे प्रेमाचं नसून कर्तव्याचं आहे, गैरसमज नको, असंही बजावलं. बाई निवृत्तीला आल्या होत्या. माझा काही गैरसमज झाला नाही.

असे सारखे दिसणारे तीन पुडे मिळाले. चौथा लायब्ररीतल्या बाईंनी दिला. त्या माझ्याच वयाच्या. माझ्यासाठी कुठून कुठून जुनी हिंदी मासिकं शोधून काढायच्या. त्यांचा डबा मोठा होता, चॉकलेट घरी केलेलं होतं आणि वर निळी फीत होती. सेक्रेटरीबाईंनी तो पाहिला आणि हे मात्र कर्तव्याचं दिसत नाही, असं म्हणून त्या कामाला लागल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चॉकलेट दोन दिवसांत संपलं. फीत मी खणात ठेवली, टेबलाच्या.

घरी पत्र लिहिलं. बायको धुळ्याला माझ्या आईवडिलांजवळ होती. पत्र तिच्या नावाने जायचं, पण फोडायचे आबा आणि ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे, आईला आणि आल्यागेल्याला. त्यामुळे बायकोला लिहायच्या गोष्टी मी तिला कधीच लिहीत नसे. हवामान लिहायचो, भाजीचे प्रकार लिहायचो. त्या पत्रात सणाची गंमत लिहिली आणि तीन बायकांनी चॉकलेट दिलं, असं लिहिलं.

उलट द्यायचा दिवस दोन दिवसांवर आला असताना घरून पार्सल आलं. आत कुंकवाची पुडी आणि चोळीचे खण होते. तीन नवे, हिरवे. चौथा मोरपंखी. तो मी ओळखला. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला चाळीसगावला तिच्या आईने तिला दिलेला तो खण. इतका आवडीचा, की कात्री लावायला तिचा जीव होत नव्हता. त्याच्या घडीत तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती, म्हणजे आबांना वाचायला न मिळालेली.

‘तुम्हाला गोडधोड देणाऱ्या त्या तुमच्या बहिणी, म्हणजे माझ्या नणंदा. नणंदेला चोळीचा खण द्यावा लागतो. एक जास्तीचा ठेवला आहे. कोणी लिहायची राहून गेली असेल तर तिला द्या.’

मी ती चिठ्ठी उभ्या उभ्याच तीनदा वाचली. मला लाज वाटली आणि तिचा थोडा रागही आला, कारण उत्तर द्यायला जागाच ठेवली नव्हती.

तिन्ही हिरवे खण मी ऑफिसात वाटले. सेक्रेटरीबाईंनी तिथल्या तिथे त्यात जेवणाचा डबा बांधला. मोरपंखी खण घेऊन लायब्ररीत गेलो. आमच्याकडे हा बहिणीला देतात, माझ्या बायकोने पाठवला आहे, असं जमेल तसं सांगितलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ त्याच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. मासिकं मी निघेपर्यंत मिळत राहिली.

त्याच वसंतात माझी मुदत संपली आणि मी आखाजीच्या आधी घरी पोचलो. चौथ्या खणाबद्दल पत्रात मी चकार शब्द लिहिला नव्हता, तिनेही विचारलं नव्हतं. बॅग तिनेच उघडली. कपडे काढले, झटकले, धुवायचे वेगळे केले. तळाशी निळी फीत होती. ती तिने हातात घेतली, बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली.

“तिले आवडना का, मना खण?” तिने विचारलं.

हो, आवडला तिला तुझा खण, असं मी म्हणालो. तिने मान हलवली, त्या फितीने आपली वेणी बांधली आणि धुणं घेऊन मागच्या दारी गेली.