पडद्याची उलटी गाठ

भूतबाधा, भास, अंगात येणं... असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. जन्मभर मंडप बांधले. स्मशानाच्या भिंतीला लागून बांधले, तिथेच बांबूंवर झोपलोसुद्धा. डास चावले, बाकी काही नाही. तेव्हा हे वाचून कोणी "आजोबांचं वय झालं" असं लिहू नका. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मला नीट दिसतं.

मी चौथी शिकलेला, राहायला जोगेश्वरी पूर्वेला. माझा मुलगा विलास गेल्या वर्षी गेला. घरी चहा पीत होता... कप हातात, आणि माणूस गेलेला. त्याची मुलगी सानिका अकरावीला. बाप गेला तशी तिने बोलणंच बंद केलं. कॉलेज नाही, जेवण म्हणजे दोन घास. कॉलेजच्या बाईंनी सांगितलं, काउन्सेलिंगला न्या, उशीर केलात तर पोरगी हाताला लागणार नाही.

मी सुनेला म्हटलं, "घरात माणसं आहेत ना? बाहेरची बाई कशाला?"

ती म्हणाली, "बाबा, तुमच्याने बोलती झाली का ती? मग चला गुपचूप."

सेंटर म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरची खोली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर टिश्यूचा डबा. मॅडम पंचविशीतली असेल. पोरीला विचारायचं सोडून मलाच विचारते, "आजोबा, विलास गेल्यापासून तुम्हाला कसं वाटतं?"

"कसं वाटणार? मजा वाटते."

तिने नुसती मान हलवली. या लोकांचं हे एक आहे... आपण चिडलो की मान हलवतात.

मी तोंड फिरवून खिडकीकडे बघितलं. पडदा बाजूला घेऊन काथ्याच्या दोरीने बांधलेला. आणि गाठ आमच्या घरची.

हे जरा सांगतो. बांबू बांधताना सगळे दोरी उजवीकडून फिरवतात. मी डावखुरा. मुकादमाने टपल्या मारल्या तरी मी डावीकडूनच फिरवली आणि टोक लोंबतं न ठेवता वरून आत खुपसलं. चुकीची गाठ, सोडणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. पण मी बदलली नाही. विलास उजवा, तरी माझ्याकडे शिकला म्हणून त्याचीही तीच चूक. फक्त तो टोक दोनदा खुपसायचा. किती वेळा बोललो, एकदा पुरते रे. ऐकेल तर शपथ.

पडद्याच्या गाठीचं टोक दोनदा खुपसलेलं होतं.

"हा पडदा कोणी बांधला?"

मॅडम म्हणाली, "माहीत नाही. इथे तर रिबीन असते." मग आवाज मऊ करून म्हणाली, "आजोबा, आपलं माणूस गेलं की त्याच्या खुणा सगळीकडे दिसतात."

"मला दिसतात ना? मग तुम्ही सोडून दाखवा."

तिने प्रयत्न केला. नख तुटलं. शेवटी मीच सोडली आणि दोरी खिशात घालून घरी आणली, खिळ्याला टांगली. सानिका सगळं बघत होती.

पुढच्या आठवड्यात परत गेलो. मॅडमने आमच्यासमोर कुलूप उघडलं. पडदा बांधलेला... दुसरी काथ्याची दोरी, तीच गाठ, टोक दोनदा.

लोक म्हणतात अशा वेळी घाम फुटतो. मला राग आला. कोणाचा ते काय सांगू. तोंडातून निघून गेलं, "विल्या, एकदा पुरते रे. मेलास तरी ऐकत नाहीस."

मागून आवाज आला, "आजोबा, पप्पा तुमचं ऐकायचे कधी?"

सानिका. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बोलली आणि रडायलाच लागली, आणि मीही... मॅडमने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मी शर्टाची बाही वापरली. कागदाने कोण डोळे पुसतो?

त्यानंतर बरेच महिने जात होतो. पडदा रिबिनीनेच बांधलेला असायचा.

मी चौकशी सोडली नाही. वॉचमनला विचारलं, झाडू मारणाऱ्या मावशींना विचारलं, सेक्रेटरीचं डोकं खाल्लं. विलासने त्या सोसायटीत कधी काम केलं नव्हतं. त्याच्या हाताखालच्या एकालाही ही गाठ येत नाही, चौघांना घरी बोलावून बांधायला लावली. मॅडमला म्हटलं, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा. तिने मान हलवली.

सानिका कॉलेजला जाते. घरात मला उलट उत्तरं देते, म्हणजे बरी आहे. परवा खिळ्यावरची दोरी काढून म्हणाली, "मला शिकवा ना." स्टुलाच्या पायाला बांधून दाखवली. विलासने तिला कधी शिकवली नव्हती, सुनेला विचारून खात्री केली. मी टोक एकदाच खुपसलं. तिने बांधली, एकदा खुपसलं, जरा थांबली... आणि परत खुपसलं.

म्हटलं, "एकदा पुरते गो."

ऐकते थोडीच.