बिजलीचा कमोड

अकोल्याहून फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात मांजरीची वाळू चाळत होतो. सुनंदा भाच्याच्या साखरपुड्याला माहेरी गेली होती. वाळू चाळली का, हे विचारायलाच तिने फोन केला असेल, असं मला वाटलं. फोनवर तिचा भाऊ होता. सुनंदा जेवता जेवता गेली होती.

त्यानंतर अमरावतीच्या आमच्या घरी भेटायला आलेला प्रत्येक जण दोन वाक्यं तिच्याबद्दल बोलला आणि मांजरीवर घसरला. दुःखाच्या घरात किस्से असेच जमतात. बोलायला दुसरं काही सुचत नाही.

सुनंदा शिक्षिका. आमच्या बिजलीला कमोडवर बसायला शिकवायचं तिने मनावर घेतलं होतं. सीटखाली प्लॅस्टिकची ताटली, ताटलीत वाळू, मधे भोक. भोक हळूहळू मोठं करत जायचं आणि शेवटी ताटलीच काढून टाकायची. "पाचवीची पोरं वळणावर आणली मी," ती म्हणायची, "हे तर मांजर आहे."

सीट आणायला आम्ही शब्बीरभाईंच्या दुकानात गेलो.

"भाभी, बसणाऱ्याचं वजन किती?"

"अडीच किलो."

"बच्चा है?"

"मांजर."

शब्बीरभाईंनी चष्मा काढून पुसला. "फिर तो लाइफटाइम गॅरंटी."

परवा ते भेटायला आले. निघताना विचारलं, "सीट बरोबर है ना?" मी हो म्हणालो.

शेजारी निवृत्त मुख्याध्यापक राहतात. शिस्तीवर व्याख्यानं देतात. कुंपणावरून त्यांनी एकदा सुनंदाला गाठलं.

"सगळं ठीक आहे मॅडम, पण फ्लश कोण करते?"

"तुमच्या घरी कोण करते, सर?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मीच."

सर हल्ली कुंपणाच्या दुसऱ्या टोकाची फुलं तोडतात.

सर्वांत जास्त चिडले होते सुनंदाचे थोरले भाऊ, वकील दादा. गेल्या दिवाळीत ते आले, तेव्हा कमोड बिजलीचा आणि पाहुण्यांना मागचा देशी संडास, अशी व्यवस्था होती.

"काहून वं सुनंदा? गुडघ्याचं ऑपरेशन माह्यं झालं का मांजरीचं?"

"दादा, तुले वळण लागून झालं. तिले लागून राहिलं."

पूर्ण मुक्कामभर दादा तिच्याशी बोलले नाहीत. बिजलीशीही नाही.

सुनंदा गेल्यावर त्यांनीच ठरवलं की तेरवी झाली की बिजलीला वरूडच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत सोडायचं. "माती भरपूर आहे तिथं. तुमच्यानं हे होणार नाही, जावईबापू." माझ्यानं होणार नाही, हे खरंच होतं.

तेरवीच्या सकाळी घर भरलं होतं. मागच्या संडासाशी रांग, आणि कमोडच्या दाराशी दादा, गुडघा धरून उभे. अर्धवट उघड्या दाराला पाठ लावून. माझी आत्या घाईने आली.

"सरका, वकीलसाहेब."

"थांबा जरा."

"आत कोण आहे?"

"सुनंदाची विद्यार्थिनी," दादा म्हणाले. "पेपर चालू आहे."

दुपारी वरूडची गाडी आली. दादांनी ती तशीच परत पाठवली.

ताटलीतलं भोक अजून वाढवायचं आहे. किती, ते सुनंदाने स्केच पेनने गोल आखून ठेवलं आहे. मी ते अजून कापलेलं नाही.