नळवाली वहिनी आणि सलूनची खुर्ची

समोरच्या वहिनी दर रविवारी नटूनथटून कुठल्या ना कुठल्या खेड्यात जातात, तेव्हा तिकडे नक्की कुणीतरी आहे, अशी कुजबुज गल्लीत होती. बातमी चविष्ट, पण साफ खोटी. तिकडे असतात ती विकाऊ घरं. वहिनी घरांच्या दलाल आहेत.

खेड्यातल्या राहत्या घराच्या कर्जाला एका योजनेत सरकार हमी देतं, मग बँकही पदरचं काही भरायला न लावता पूर्ण रक्कम देते. मात्र घर गावाच्या हद्दीत हवं, धडधाकट हवं आणि त्यात दुकान नको. अशी घरं हुडकून काढणं हा वहिनींचा धंदा. घरात शिरल्या की आधी सगळे नळ सोडून बघतात, मग मालकाकडे वळून हसतात. म्हणून त्या नळवाली.

मध्यंतरी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंना घरमालकाने खोली सोडायला सांगितलं. पदरात दोन लेकरं, शिल्लक काही नाही. वहिनींनी त्यांच्यासाठी एक घर शोधलं. कोरडं छप्पर, नळाला धो धो पाणी. फक्त पुढच्या खोलीत सलूनची खुर्ची, फरशीत बोल्टांनी जखडलेली. मालक आजोबांनी जन्मभर तिथेच लोकांच्या दाढ्या केलेल्या. दुसऱ्या दिवशी बँकेचा माणूस पाहणीला येणार होता. त्याला खुर्ची दिसली की घराचं दुकान झालं आणि नर्सबाईंचं कर्ज गेलं.

"काढून टाकू या ना, आजोबा," नर्सबाईंना घर दाखवताना वहिनी म्हणाल्या.

"घर घ्या, पण खुर्चीला हात लावायचा नाही. अजून गिऱ्हाईक येतं माझ्याकडे."

"शेवटचं कधी आलं होतं?"

"येतं म्हटलं ना!"

वहिनींनी पर्स नर्सबाईंच्या हातात कोंबली आणि थेट खुर्चीत जाऊन बसल्या. "हे आलं बघा गिऱ्हाईक. कापा."

आजोबा खुलले. चादर झटकली, कात्री उचलली. बघता बघता वहिनींच्या केसांची डावी बाजू कानाच्या वर गेली, तीही जिन्यासारखी, पायरी पायरीने. हात थरथरत होता. आजोबांनी आरशात पाहिलं. वहिनींनीही पाहिलं. नर्सबाई भिंतीकडे बघत राहिल्या.

आजोबांनी कात्री खाली ठेवली. "पान्हा त्या कपाटात आहे," म्हणाले, आणि स्वतःच बोल्ट सोडवायला बसले.

पाहणी झाली, कर्ज मंजूर झालं. खुर्ची आजोबांच्या लेकीच्या व्हरांड्यात गेली. तीत बसून ते पेपर वाचतात. वहिनी मात्र बरेच दिवस डोक्याला रुमाल बांधून हिंडत होत्या. मी थोडाच सोडतोय! कुंपणावरून म्हटलं, "वहिनी, एका बाजूने नटी आणि दुसऱ्या बाजूने साळिंदर, हे काय बरं दिसतं? उरलेली बाजूही कापून घ्यायची होती की त्यांच्याकडून."

वहिनी धुतलेली चादर पिळत म्हणाल्या, "तसं म्हटलं असतं, तर त्यांनी कात्री पुन्हा उचलली असती भाऊजी, आणि खुर्ची तिथेच राहिली असती."